धातूचे थ्रीडी प्रिंटिंग: एक हायड्रॉलिक मॅनिफोल्ड, आराखड्यापासून दाबचाचणीपर्यंत

धातूचे थ्रीडी प्रिंटिंग म्हटले की यंत्राच्या काचेआड भुकटीवर धावणारा लेझर डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात जॉब यंत्रावर चढेपर्यंत त्याचे बरेवाईट बहुतांशी ठरून गेलेले असते, आणि जे उरते ते यंत्रातून बाहेर पडल्यावर भट्टी, वायर-कट (विजेच्या ठिणग्यांनी तारेने धातू कापणारे यंत्र) आणि मशीनिंग सेंटर यांच्या हाती असते. म्हणूनच या कामाचे नियोजन उलट्या क्रमाने करावे. शेवटची तपासणी कशी होणार, त्याआधीचे मशीनिंग कुठे पकडून होणार, त्याआधी भुकटी कोणत्या वाटेने बाहेर पडणार, हे ठरवल्यानंतरच भाग प्लेटवर, म्हणजे ज्या धातूच्या पाट्यावर तो थराथराने रचला जातो त्यावर, कसा ठेवायचा ते ठरवता येते. ही पद्धत दाखवण्यासाठी येथे एकच भाग सुरुवातीपासून शेवटपर्यंत घेतला आहे. तो म्हणजे ३१६एल स्टेनलेस स्टीलचा, साधारण तळहातावर मावेल एवढा हायड्रॉलिक मॅनिफोल्ड, अर्थात दाबाखालचे तेल आतल्या मार्गांनी वेगवेगळ्या व्हॉल्व्हपर्यंत नेणारा भाग.

भाग या पद्धतीला साजेसा आहे का

पारंपरिक मॅनिफोल्ड धातूच्या ठोकळ्यात एकमेकांना छेदणारी सरळ भोके पाडून करतात. ड्रिल वळत नाही, त्यामुळे आतला प्रत्येक मार्ग काटकोनात वळतो आणि तिथे तेलाचा दाब वाया जातो. शिवाय ड्रिल ज्या तोंडांतून आत शिरले ती नको असलेली तोंडे प्लग ठोकून बंद करावी लागतात, आणि असा प्रत्येक प्लग ही गळतीची संभाव्य जागा असते. थरावर थर रचून केलेल्या मॅनिफोल्डमध्ये तेलाचा मार्ग सलग वळणाचा ठेवता येतो, प्लग लागत नाहीत आणि मार्गांच्या मधला निरुपयोगी धातू घातलाच जात नाही. या तीन फायद्यांपैकी निदान दोन तरी मिळत असतील तरच हा खर्च करावा.

जो ठोकळा मिलिंग यंत्रावर तासाभरात तयार होतो, तो प्रिंट करणे म्हणजे हौस झाली. लीप विमान इंजिनाच्या इंधन नोझलचे टोक हे याउलट टोकाचे उदाहरण आहे. पूर्वी सुमारे २० सुटे भाग ब्रेझिंग आणि वेल्डिंगने जोडून बनणारे हे टोक एकसंध प्रिंट होऊ लागले आणि त्याचे वजन सुमारे २५ टक्क्यांनी घटले. तिथे आकाराची गुंतागुंत आणि जोडांची संख्या या दोन्ही गोष्टी पद्धतीच्या बाजूने होत्या.

कोणती प्रक्रिया निवडावी

लेझरने भुकटीचा थर वितळवण्याची प्रक्रिया, म्हणजेच लेझर पावडर बेड फ्यूजन, बारीक तपशील आणि आतल्या पोकळ्या यांसाठी सर्वांत सोयीची आहे, आणि पुढचा सर्व लेख तिच्याविषयीच आहे. इलेक्ट्रॉन किरणाची प्रक्रिया निर्वात पोकळीत आणि खूप तापवलेल्या भुकटीवर चालते. त्यामुळे भागात ताण कमी राहतो, पण पृष्ठभाग अधिक खडबडीत येतो आणि अर्धवट चिकटलेली भुकटी अरुंद मार्गांतून काढणे जिकिरीचे होते. नोझलमधून भुकटी किंवा तार सोडून ती जागच्या जागी वितळवण्याची पद्धत मोठ्या भागांसाठी आणि झिजलेल्या शाफ्टच्या किंवा साच्याच्या दुरुस्तीसाठी उत्तम आहे, परंतु बारीक आतले मार्ग तिच्या आवाक्यात नाहीत. बाइंडर जेटिंगमध्ये भुकटी आधी चिकटद्रव्याने जोडून नंतर भट्टीत घट्ट करतात. तिथे भाग प्रत्येक दिशेने १५ ते २० टक्के आक्रसतो आणि हे आक्रसणे आधीच हिशेबात धरावे लागते.

आराखडा: यंत्राच्या मर्यादा धरून

भुकटीवर वितळलेल्या धातूला खालून घट्ट आधार लागतो. आडव्या पातळीशी ४५ अंशांपेक्षा कमी कोन करणारा, खाली भुकटीच असलेला उतार सपोर्टशिवाय, म्हणजे सोबतच प्रिंट केलेल्या तात्पुरत्या आधाराशिवाय, नीट येत नाही. भुकटी उष्णता फारशी वाहून नेत नाही, त्यामुळे वितळलेल्या धातूचे डबके तिथे खोल जाते आणि खालच्या बाजूला लोंबणारे खरबरीत थेंब तयार होतात. बाहेरच्या पृष्ठभागावर सपोर्ट देऊन नंतर तो तोडता येतो. आतल्या मार्गात दिलेला सपोर्ट मात्र कायमचा तिथेच राहतो, आणि तेलाच्या मार्गात तो चालण्यासारखा नाही.

यावरचा उपाय मार्गाच्या छेदाच्या आकारात आहे. आडव्या दिशेने जाणारे गोल भोक साधारण ८ मिलिमीटर व्यासापर्यंत सपोर्टशिवाय तग धरते. त्याहून मोठा मार्ग थेंबासारखा, म्हणजे वरचे छत निमुळते असलेला, किंवा चौकटच्या आकाराचा ठेवावा. छताची टोकदार कड तशीच ठेवू नये, कारण मॅनिफोल्डमध्ये दाब सतत चढउतार करतो आणि तीक्ष्ण कोपऱ्यावर ताण साचून तिथूनच तडा सुरू होतो. तिला १ ते १.५ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई दिली की प्रिंटही होते आणि ताणही पसरतो. हा बदल कागदावर क्षुल्लक दिसतो. माझ्या मते आतल्या मार्गाच्या आराखड्यात याहून महत्त्वाचा तपशील दुसरा नाही.

भिंतीची जाडी ०.५ मिलिमीटरपर्यंत उतरवता येते, पण दाब सोसणाऱ्या भिंतीला तो आकडा लागू नाही. तिथे ताकदीच्या हिशेबातून येणारी जाडी घ्यावी आणि खडबडीत पृष्ठभागाचा थर ताकदीत धरू नये. ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) बसणाऱ्या आणि व्हॉल्व्ह टेकणाऱ्या पृष्ठभागांवर १ मिलिमीटर जादा धातू ठेवावा. आटे कधीच प्रिंट करू नयेत. त्यांच्या जागी लहान भोक ठेवून नंतर ते एंडमिलने (मिलिंगच्या कटरने) मोठे करावे आणि मग आटे पाडणारा टॅप चालवावा. प्रिंट केलेल्या खडबडीत भोकात थेट ड्रिल घातले तर ते भोकाच्या वाकडेपणामागे भरकटते.

आता उलट्या क्रमाचा पहिला प्रत्यक्ष उपयोग. मशीनिंगच्या वेळी हा वळणावळणाचा भाग कशात पकडणार? ठोकळ्याला सपाट बाजू आपोआप मिळतात, या भागाला त्या मुद्दाम द्याव्या लागतात. तीन लहान सपाट टेकू आणि दोन संदर्भ भोके आराखड्यातच घालून ठेवावीत. मशीनिंग संपल्यावर टेकू कापून टाकता येतात.

प्लेटवरची मांडणी

भाग उभा ठेवावा की आडवा, हा प्रश्न वेळ, सपोर्ट आणि ताकद या तिन्हींना एकदम स्पर्श करतो. वेळेचा हिशेब करून पाहू. थराची जाडी ०.०३ मिलिमीटर, लेझरचा वेग सेकंदाला ८०० मिलिमीटर आणि दोन समांतर रेषांमधले अंतर ०.१ मिलिमीटर असेल, तर यांच्या गुणाकाराने सेकंदाला २.४ घन मिलिमीटर, म्हणजे तासाला सुमारे ८.६ घन सेंटिमीटर धातू वितळतो. आपला मॅनिफोल्ड १५० घन सेंटिमीटरचा, म्हणजे साधारण १.२ किलोचा आहे. त्याला केवळ लेझरचेच साडेसतरा तास लागतात. त्यात प्रत्येक थरासाठी भुकटी पसरवण्याचा वेळ मिळवावा. भाग उभा ठेवला आणि त्याची उंची ९० मिलिमीटर झाली तर ३,००० थर होतात, आणि प्रत्येकी १० सेकंद धरले तरी त्यात ८ तास २० मिनिटे जातात. भाग आडवा ठेवून उंची ६० मिलिमीटरवर आणली तर थर २,००० होतात आणि पावणेतीन तासांहून थोडा जास्त वेळ वाचतो. प्लेटवर दोन भाग शेजारी ठेवले तर लेझरचा वेळ दुप्पट होतो, पण भुकटी पसरवण्याचा वेळ तेवढाच राहून दोघांत विभागला जातो.

हे आकडे पाहून भाग आडवा ठेवायचा मोह होतो. आमच्या मॅनिफोल्डमध्ये तसे केले असते तर मुख्य मार्ग आडवे झाले असते आणि त्यांच्या छताची गुणवत्ता खालावली असती. शिवाय मोठा सपाट छेद एकाच थरात वितळला की तो आक्रसताना प्लेटवरून कडा उचलतो. म्हणून भाग थोडा तिरका उभा ठेवला. तिरकेपणामुळे प्रत्येक थरातला छेद हळूहळू बदलतो, आणि रीकोटरच्या, म्हणजे प्रत्येक थराची भुकटी पसरवणाऱ्या, पात्याला एकदम लांबलचक कड आडवी येत नाही. भागाची लांब कड पात्याला समांतर ठेवू नये, हा नियम साधा आहे आणि तरीही सर्रास मोडला जातो. पाते अशा कडेवर आदळले तर एकतर कड वाकते किंवा यंत्र थांबते.

सपोर्टची दोन कामे आहेत. तो उष्णता प्लेटकडे वाहून नेतो आणि वाकू पाहणाऱ्या भागाला धरून ठेवतो. केवळ खालून टेकू देणे हे त्याचे मुख्य काम नव्हे, म्हणून प्लास्टिक प्रिंटिंगमधले नाजूक सपोर्ट इथे चालत नाहीत. प्लेटला चिकटलेल्या बाजूला वायर-कटची तार फिरेल एवढी, निदान ३ ते ५ मिलिमीटर उंचीची मोकळीक ठेवावी. मार्गांची तोंडे प्लेटकडे न ठेवता वर किंवा बाजूला उघडतील अशी मांडणी करावी, कारण भुकटी तिथूनच बाहेर यायची आहे.

भुकटी

या प्रक्रियेत बहुधा १५ ते ४५ मायक्रॉन आकाराचे, वायूच्या फवाऱ्याने तयार केलेले गोल कण वापरतात. गोल कण चांगले वाहतात आणि थर सपाट पसरतो. भुकटी घेताना रासायनिक विश्लेषण, कणांच्या आकाराचे वितरण आणि प्रवाहाची चाचणी हे तीन कागद मागावेत, आणि ३१६एलच्या बाबतीत एएसटीएम एफ३१८४ या मानकाच्या मर्यादांशी ताडून पाहावेत. न वितळलेली भुकटी चाळून पुन्हा वापरता येते, पण दर वापरागणिक ती थोडा ऑक्सिजन आणि ओलावा घेत जाते. स्टेनलेस स्टीलमध्ये हे बऱ्यापैकी चालून जाते. टायटॅनियममध्ये ऑक्सिजन वाढला की धातू कडक आणि ठिसूळ होतो, त्यामुळे तिथे प्रत्येक खेपेची नोंद ठेवण्यावाचून गत्यंतर नाही. एका यंत्रात दोन धातू आलटून पालटून वापरण्याचा विचार असेल, तर संपूर्ण साफसफाईला लागणारे दिवस आधी मोजावेत.

इथेच सुरक्षेचे बोलले पाहिजे. टायटॅनियम आणि ॲल्युमिनियमची भुकटी पेट घेते. त्या आगीवर पाणी मारणे घातक आहे, कारण तापलेला धातू पाण्यातून हायड्रोजन मोकळा करतो. डी वर्गाचे, धातूच्या आगीसाठीचे अग्निशामक हाताशी हवे. यंत्राच्या फिल्टरमध्ये साचणारी काजळी भुकटीपेक्षाही बारीक असते आणि हवा लागताच धुमसू शकते, म्हणून फिल्टर बदलणे हे नवख्याच्या हाती देण्याचे काम नाही. भुकटी हाताळताना उच्च दर्जाचा श्वसन मुखवटा आणि स्थिर विजेचा निचरा करणारी जोडणी असावी. साधा व्हॅक्यूम क्लीनर कधीही वापरू नये. आर्गॉन वायूला वास नसतो आणि तो हवेपेक्षा जड असल्याने खोलीच्या तळाशी साचतो, त्यामुळे यंत्राच्या खोलीत ऑक्सिजनचे प्रमाण मोजणारा अलार्म लावणे अनिवार्य मानावे.

लेझरची मापे ठरवणे

ढोबळ अंदाजासाठी घन मिलिमीटरमागे किती ऊर्जा पडते ते काढतात. त्यासाठी लेझरच्या शक्तीला वेग, रेषांमधले अंतर आणि थराची जाडी यांच्या गुणाकाराने भागतात. वरच्याच आकड्यांत लेझर २०० वॅटचा धरला तर २०० भागिले २.४, म्हणजे सुमारे ८३ जूल प्रति घन मिलिमीटर येतात. ऊर्जा कमी पडली तर शेजारच्या रेषा आणि खालचा थर नीट एकजीव होत नाहीत, आणि वेड्यावाकड्या, चपट्या पोकळ्या राहतात. त्यांच्यात अनेकदा न वितळलेले कणही सापडतात. ऊर्जा जास्त झाली तर धातूची वाफ होऊन डबक्यात खोल, अरुंद खड्डा पडतो आणि तो मिटताना तळाशी गोल बुडबुडा अडकतो. पहिल्या प्रकारचा दोष अधिक धोक्याचा असतो, कारण चपट्या पोकळीच्या टोकांवर ताण साचतो.

हा आकडा दिशा दाखवतो, उत्तर देत नाही. ४०० वॅट आणि दुप्पट वेग घेतला तरी भागाकार तोच येतो, परंतु डबक्याचा आकार आणि वर्तन पार बदललेले असते. म्हणून १० मिलिमीटर बाजूचे वीस-पंचवीस चौकोनी ठोकळे शक्ती आणि वेग बदलत एकाच प्लेटवर प्रिंट करावेत. ते हवेत आणि पाण्यात तोलून त्यांची घनता काढावी, आणि त्यांतले सर्वांत चांगले पाच-सहा कापून, घासून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावेत. यंत्र बनवणाऱ्यांनी दिलेली मापे ही चांगली सुरुवात असते, पण तुमची भुकटी आणि तुमच्या लेझरच्या काचेची स्वच्छता त्यांना ठाऊक नसते. प्रत्येक थरात रेषांची दिशा ६७ अंशांनी फिरवण्याची पद्धत रूढ आहे, कारण या कोनाने तीच दिशा पुन्हा यायला बरेच थर जातात आणि दोष एकावर एक रचले जात नाहीत.

प्रिंट सुरू असताना

कक्षातला ऑक्सिजन ०.१ टक्क्याखाली आल्यावरच लेझर सुरू करावा. स्टेनलेस स्टीलसाठी नायट्रोजनही चालतो, टायटॅनियमला मात्र आर्गॉनच लागतो, कारण तापलेले टायटॅनियम नायट्रोजनशी संयोग पावते. लेझरच्या काचेवर बोटाचा एक ठसा राहिला तरी किरण पसरतो आणि प्लेटच्या त्याच कोपऱ्यातले भाग कमकुवत होतात, म्हणून प्रत्येक जॉबआधी काच पुसलीच पाहिजे. पहिले पन्नास थर जवळ बसून पाहावेत. भुकटीच्या थरावर पात्याने ओढलेली बारीक रेघ दिसली तर पाते कुठेतरी खरचटले आहे. एखाद्या कोपऱ्यात भुकटी अपुरी पडत असेल तर थरागणिक सोडण्याचे प्रमाण वाढवावे. नंतरचे दोष यंत्राच्या कॅमेऱ्यातील थराथराच्या छायाचित्रांत शोधता येतात, सुरुवातीचे तिथेच पकडावे लागतात.

भुकटी काढणे, भट्टी आणि वायर-कट: हा क्रम मोडू नये

प्रिंट संपल्यावर आधी भुकटी काढायची, मग भाग प्लेटसकट भट्टीत घालायचा, आणि त्यानंतरच तो प्लेटवरून कापायचा. भट्टीआधी कापले तर आत कोंडलेला ताण एकदम मोकळा होतो आणि भाग डोळ्यांदेखत वाकतो. भुकटी काढण्याआधी भट्टीत घातले तर काय होते, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. एका मॅनिफोल्डच्या यू-वळणात चिमूटभर भुकटी राहून गेली होती. एका तोंडातून मारलेली हवा दुसऱ्या तोंडातून बाहेर येत होती, म्हणून मार्ग मोकळा आहे असे मी धरून चाललो. भट्टीत त्या भुकटीचा दगडासारखा गोळा झाला. ड्रिल तिथे पोहोचत नव्हते आणि तो भाग भंगारात गेला.

तेव्हापासून मी बेअरिंगचा ६ मिलिमीटरचा छर्रा वापरतो. प्लेट दोन अक्षांवर फिरवत, रबरी हातोडीने हलके ठोकत भुकटी गळू द्यावी, आणि ती थांबली असे वाटले की छर्रा एका तोंडातून सोडावा. तो घरंगळत दुसऱ्या तोंडातून पडला तर मार्ग मोकळा आहे, वळणावर अडला तर पुन्हा ठोकावे. हवा वाळूसारख्या ढिगातूनही वाट काढते, छर्रा काढत नाही. हे सर्व बंद पेटीत, हातमोज्यांच्या छिद्रांतून करावे.

३१६एलच्या बाबतीत भट्टीचे तापमान ठरवणे म्हणजे तडजोड आहे. प्रिंट केलेला धातू सेकंदाला लाखो अंशांच्या वेगाने थंड झालेला असतो, त्यामुळे त्याची आतली रचना अतिशय बारीक असते आणि त्याची यील्ड ताकद (ज्या ताणाला धातू कायमचा वाकू लागतो तो) ४५० ते ५५० मेगापास्कलपर्यंत जाते. त्याच मिश्रधातूच्या मऊ केलेल्या पत्र्यासाठी मानक किमान १७० मेगापास्कल मागते. सुमारे ९०० अंश सेल्सियसवर ताण बऱ्यापैकी उतरतो आणि ताकद काही प्रमाणात टिकते. १,०५० अंशांच्या वर नेल्यास ताण जवळजवळ नाहीसा होतो, पण बारीक रचना विरते आणि ताकदही खाली येते. दाबाच्या सततच्या चढउतारात काम करणाऱ्या भागाला उच्च तापमानात आणि सुमारे १०० मेगापास्कल वायुदाबात ठेवण्याची हिप प्रक्रिया द्यावी, कारण ती आतल्या बंद पोकळ्या दाबून मिटवते. पृष्ठभागाशी जोडलेल्या पोकळ्या ती मिटवू शकत नाही, कारण वायू त्यांच्यातही शिरतो.

मशीनिंग, आतली सफाई आणि चाचणी

प्रिंट केलेल्या पृष्ठभागाचा खडबडीतपणा साधारण ५ ते १५ मायक्रॉन असतो आणि उताराच्या खालच्या बाजूस तो याहून अधिक असतो. सीलच्या जागी हे चालत नाही, म्हणून आधीच ठेवलेल्या तीन टेकूंवर भाग बसवून ते पृष्ठभाग आणि आटे करून घ्यावेत. आतल्या मार्गांकडे अनेकांचे दुर्लक्ष होते. भिंतीला अर्धवट चिकटलेले कण तेलाच्या प्रवाहात कधीतरी सुटतात आणि सर्व्हो व्हॉल्व्हच्या अरुंद फटीत जाऊन अडकतात. त्यामुळे अपघर्षक मळी दाबाने आरपार ढकलून मार्ग घासून घ्यावेत. त्यानंतर गरम तेलाने फ्लश करून बाहेर येणाऱ्या तेलातले कण मोजून तेलाची स्वच्छता आयएसओ ४४०६ या मानकाच्या श्रेणीत नोंदवावी, आणि आकडा अपेक्षेत बसेपर्यंत फ्लश थांबवू नये.

प्रत्येक प्लेटवर भागाशेजारी ताण-चाचणीच्या कांड्या प्रिंट करणे सक्तीचे समजावे. त्यांतल्या काही उभ्या हव्यात, कारण थरांना काटकोनातली दिशाच बहुधा कमकुवत ठरते आणि केवळ आडव्या कांड्या ओढल्या तर चित्र खोटे गुलाबी दिसते. भागाची सीटी स्कॅनने तपासणी करता येते, पण जाड स्टीलमधून क्ष-किरण जेमतेम जातात आणि बारीक पोकळ्या दिसत नाहीत, हे ती मागवणाऱ्याने लक्षात ठेवावे. शेवटी कामाच्या दाबाच्या दीडपट दाबाने तेल भरून चाचणी घ्यावी. ती हवेने घेऊ नये, कारण दाबलेली हवा फुटताना स्फोटासारखी सुटते.

पहिला भाग चाचणीत उतरला तरी तो ग्राहकाला देऊ नये. तो मधोमध कापावा, घासून आम्लाने उठाव द्यावा आणि मुख्य मार्गाचे छत, यू-वळण आणि सर्वांत जाड गाठ या तीन जागा सूक्ष्मदर्शकाखाली पाहाव्यात. छत लोंबले असेल तर मांडणीचा कोन बदलतो, गाठीत पोकळ्या असतील तर लेझरची मापे बदलतात, आणि वळणात कण चिकटलेले दिसले तर घासण्याचा वेळ वाढतो. ग्राहकाकडे जातो तो दुसरा भाग.